वाचकांचे प्रश्न : जुन्या लेन्सचे अ‍ॅपर्चर अडकते तेव्हा

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच दुखण्याबद्दल आहेत. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र. त्याभोवतीची धातूची पातळ पाती मिटली की ते लहान होते, आणि एफ/चा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. ही पाती चिकटतात, मंदावतात, गंजतात किंवा जागा सोडतात. फिल्मच्या काळातल्या लेन्स अडॅप्टर लावून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर पुन्हा वापरात आल्या आणि चाळीस-पन्नास वर्षे कपाटात पडून राहिलेल्या यंत्रणेला एकदम काम पडले. पत्रांचा आशय थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे मायक्रो-निक्कॉर ५५ मिमी एफ/२.८ (एआय-एस) आहे. निकॉन डी७५०वर एफ/२.८ला फोटो बरोबर येतात, एफ/११ला पांढरेफटक. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र काहीच चुकीचे दिसत नाही. समोरून टॉर्च मारली तर पात्यांवर तेलाची चमक दिसते. दोष कॅमेऱ्याचा की लेन्सचा? घरी काही करता येईल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दोष लेन्सचा आहे, आणि या लेन्सचा हा सर्वांत ओळखीचा आजार आहे. काच म्हणून ही लेन्स आजही उत्तम आहे, त्यामुळे मेहनत घेण्यासारखी नक्कीच आहे.

निकॉनच्या या लेन्समध्ये पाती बंद करण्याचे काम लेन्समधली एक बारीक स्प्रिंग करते. कॅमेऱ्याचा दांडा पाती उघडी धरून ठेवतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्हाला कायम एफ/२.८चाच उजेड दिसतो. बटण दाबले, आरसा वर गेला, की दांडा सुटतो आणि शटर उघडायच्या आत स्प्रिंगने पाती एफ/११पर्यंत आणायची असतात. पात्यांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असेल तर ती एकमेकांना धरून बसतात आणि नाजूक स्प्रिंगला ती पकड वेळेत सोडवता येत नाही. शटर उघडते तेव्हा पाती वाटेतच असतात. अगदीच हलली नाहीत तर एफ/११ऐवजी एफ/२.८ म्हणजे चार स्टॉप जास्त उजेड; दर स्टॉपला दुप्पट, म्हणून सोळापट. पांढरेफटक फोटो त्यामुळेच.

आधी खात्री करा. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, रिंग एफ/१६वर ठेवा आणि मागचा अ‍ॅपर्चरचा दांडा नखाने पूर्ण सरकवून एकदम सोडा. निरोगी लेन्समध्ये पाती डोळ्यांना दिसायच्या आत मिटतात. मिटताना दिसली, तर ती मंद आहेत. ही चाचणी लेन्स रात्रभर पडून राहिल्यानंतर सकाळी करा, कारण चार-पाच वेळा हलवल्यावर तेल पसरते आणि आजारी लेन्सही काही वेळ बरी वागते. दुकानात जुनी लेन्स घेताना विक्रेत्याने ती आधीच खेळवून ठेवलेली असेल तर म्हणूनच फसगत होते.

दुसरी चाचणी कॅमेऱ्यावर. मॅन्युअल मोड, आयएसओ कायम, समोर सारख्या उजेडातली कोरी भिंत. एफ/२.८ला १/१०००, एफ/४ला १/५००, एफ/५.६ला १/२५०, एफ/८ला १/१२५, एफ/११ला १/६०, एफ/१६ला १/३०. सहाही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. आकडा वाढत जाईल तसे फोटो उजळत गेले तर पाती मागे पडत आहेत. सगळेच फोटो सारख्याच प्रमाणात चुकले तर मात्र शंका मीटरवर किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगवर घ्या.

तेल येते कुठून? पात्यांना कारखान्यात तेल लावलेलेच नसते. ती कोरडी चालण्यासाठी बनवलेली असतात. फोकसच्या आट्यांना, म्हणजे हेलिकॉइडला, ग्रीस लावलेले असते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाड पदार्थात धरून ठेवलेले तेल. वर्षे सरली आणि उष्णता मिळाली की तेल त्यातून सुटते आणि धातूच्या पृष्ठभागावरून सरकत पात्यांच्या फटीत शिरते. अशी अरुंद फट तेलाला आपसूक ओढून घेते. नागपूरचा मे महिना, त्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली बॅग, यात ग्रीस फार लवकर फुटते. याचा अर्थ पुढचे सगळे काम समजून घ्यायला महत्त्वाचा आहे: पात्यांवर दिसते ते लक्षण. मूळ हेलिकॉइडमध्ये आहे. फक्त पाती पुसली तर लेन्स काही महिने किंवा काही वर्षे चालेल, पण तेल परत येऊ शकते.

तरीही पहिली पायरी पुसण्याचीच ठेवा, कारण या लेन्सचे हेलिकॉइड सोडवणे नवख्याचे काम नाही. हिच्यात जवळच्या फोकससाठी काचेचे गट वेगवेगळ्या गतीने सरकतात, म्हणून आट्या दुहेरी आहेत. शिवाय आट्यांना सुरुवातीची अनेक तोंडे असतात. सुटताना कोणत्या तोंडातून सुटले ते खुणावून ठेवले नाही तर जोडल्यावर अनंताचा फोकस हरवतो, आणि मग एकेक तोंड लावून बघत बसावे लागते.

सामान असे लागेल. पुढच्या कड्या फिरवायला योग्य व्यासाचा रबरी ठोकळा किंवा कोन. खाचांच्या कड्यांसाठी दोन टोकांचा लेन्स स्पॅनर. जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस चौफुलीचे, ०० आणि ००० क्रमांकाचे स्क्रूड्रायव्हर. साधा फिलिप्स या स्क्रूत पूर्ण बसत नाही, वर सरकतो आणि डोके खराब करतो. निम्म्या बिघडलेल्या लेन्स यातूनच तयार होतात. रबरी फुगा, लोकर न सुटणारे टिश्यू, टोकदार कापसाच्या काड्या, चुंबकत्व नसलेला चिमटा. द्रावक म्हणून सिगारेट लायटरमध्ये भरतात ते शुद्ध नॅप्था. खिडक्या उघड्या ठेवा, आणि खोलीत गॅस, उदबत्ती, समई काहीही पेटलेले नको.

पुढची नावाची कडी रबराने दाबून उलटी फिरवा. पुढचा काचगट काढला की पाती समोर येतात. प्रत्येक भाग निघण्याआधी त्याच्या आणि बाजूच्या भागाच्या सांध्यावर पेन्सिलीने एक रेघ मारा आणि फोनवर फोटो घ्या. काचा कुठल्या बाजूने वर होत्या तेही टिपा. स्क्रू लाखेने पक्के केलेले असतात. न निघणाऱ्या स्क्रूवर जोर करू नका. काडीच्या टोकाने डोक्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब ठेवा, दहा मिनिटे थांबा, किंवा सोल्डरिंग आयर्नचे टोक वीस-तीस सेकंद टेकवून स्क्रू गरम करा. अ‍ॅसिटोन रंगवलेल्या अक्षरांपासून आणि प्लास्टिकपासून लांब.

आता पाती पूर्ण मिटवा. नॅप्था लेन्समध्ये ओतायचा नाही. काडीवर दोन थेंब घ्या, टिश्यूवर टेकवून जादाचे काढून टाका आणि पात्याच्या वळणाच्या दिशेने हलक्या हाताने पुसा. उलट दिशेने गेलात तर काडी पात्याच्या कडेखाली अडकते आणि पाते उचकटते. लगेच कोरड्या काडीने टिपून घ्या. पाती उघडा, मिटवा. आत लपलेले तेल वर येईल. पुन्हा पुसा. आठ-दहा फेऱ्यांनंतर काडी स्वच्छ निघेल आणि पाती चमकदार नव्हे तर निस्तेज काळी दिसतील. शक्य असेल तर मागचा गटही काढून मागून हेच करा, कारण पुढून पात्यांची एकच बाजू हाती लागते.

मग लगेच बंद करू नका. स्वच्छ डब्यात झाकून २४ तास ठेवा आणि दांड्याची चाचणी पुन्हा करा. कोरडी झाल्यावरही पाती मंद असतील तर तेल पात्यांच्या मागच्या फिरत्या कडीखाली आहे, तिथे काडी पोचत नाही. तिथे घरचे काम थांबवा आणि पूर्ण खोलून पाती एकेक करून धुणाऱ्या, जुने ग्रीस काढून नवे भरणाऱ्या कारागिराकडे द्या. नवे ग्रीस किती लावणार हेही विचारा. आट्यांवर पातळ थर पुरतो. भरपूर भरलेले ग्रीस म्हणजे पुढच्या तेलाची सोय.

तीन आठवड्यांनी टॉर्च मारून पाती परत बघा. चमक परतली नसेल तर लेन्स वापरात आणा.

प्रश्न : एका ओळखीच्या दुकानदाराने सांगितले, लेन्स न खोलता पुढच्या काचेच्या कडेने लायटरचे फ्युएल सोडा, पाती सुटतील. तसे केले. पाती सुटली, पण आता आतल्या काचांवर धुके आहे आणि दोन आठवड्यांत पाती परत जड झाली. — एक वाचक, ठाणे

उत्तर : हा सल्ला फार फिरतो आणि फार लेन्स खराब करतो. नॅप्था तेल नष्ट करत नाही, फक्त विरघळवतो. वाहून न्यायला टिश्यू किंवा काडी नसेल तर ते विरघळलेले तेल नॅप्थाबरोबर मिळेल तिथे पसरते, नॅप्था उडून जातो आणि तेल तिथेच उरते. थोडे पात्यांवर, थोडे काचांवर. शिवाय तुम्ही हेलिकॉइडमधले ग्रीसही पातळ केलेत, म्हणजे पुढचे तेल आणखी वेगाने येणार.

आतले धुके काचेवरच्या तेलाच्या थराचे आहे, बुरशी नाही. पांढरे धागे किंवा कोळिष्टकासारखे जाळे दिसत नसेल तर घाबरू नका. पात्यांना लागून असलेल्या दोन पृष्ठभागांवर ते बहुधा असेल. ते गट काढून, ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपाइल अल्कोहोल टिश्यूवर घेऊन मध्यापासून कडेकडे गोल पुसले की सहसा निघते. काचेची काळी रंगवलेली कड ओली होऊ देऊ नका, रंग सुटतो. चिकटवलेल्या काचांच्या मधल्या थरात धुके असेल तर ते पुसण्याने जाणार नाही.

द्रावकांबद्दल इतरही अनेकांनी विचारले आहे, म्हणून इथेच सांगतो. रॉकेल नको, चिकट थर ठेवते. गाडीचे पेट्रोल नको, त्यातली मिश्रणे मागे राहतात. औषधाच्या दुकानातले स्पिरिट नको, त्यात पाणी असते आणि पोलादी पात्यांना तेच भोवते. डब्ल्यूडी-४०, शिवण मशीनचे तेल, खोबरेल यांपैकी काहीही पात्यांच्या जवळ आणू नका. जड झालेल्या गोष्टीला तेल द्यायचे ही आपली सवय इथे नेमकी उलटी पडते.

प्रश्न : कॅननची जुनी एफडी ५० मिमी एफ/१.८ घेतली. रिंग फिरते, पाती जागची हलत नाहीत. मिररलेसवर अडॅप्टर लावूनही तेच. फसवले गेलो का? — एक वाचक, पणजी

उत्तर : बहुधा नाही. एफडी लेन्स कॅमेऱ्यावरून काढलेली असताना रिंग फिरवून पाती हलत नाहीत, तशीच तिची रचना आहे. मागचा दांडा सरकवल्याशिवाय रिंगचा हुकूम पात्यांपर्यंत पोचत नाही. कॅमेऱ्यावर ते काम कॅमेरा करतो, अडॅप्टरवर अडॅप्टरची छोटी कडी. त्या कडीवर ‘ओपन’ आणि ‘लॉक’ अशा किंवा तशाच खुणा असतील. लेन्स लावताना कडी ‘ओपन’कडे हवी, लावून झाल्यावर ती ‘लॉक’कडे फिरवा आणि मग रिंग फिरवून बघा. तरीही पाती हलली नाहीत तर लेन्स काढून दोनदा नीट बसवा. अडॅप्टरची खुंटी दांड्याच्या चुकीच्या बाजूला बसली तर हेच होते.

प्रश्न : हेलिओस ४४-२ साफ करताना पाती सुटून बाहेर आली. आठपैकी सात ठीक आहेत, एकाची टाचणी निघाली आहे. ती चिकटवता येईल का? आणि पाती परत बसवायची कशी? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टाचणी चिकटवू नका. प्रत्येक पात्याला दोन टाचण्या असतात, दोन विरुद्ध बाजूंना एकेक. एक तळाच्या स्थिर कडीतल्या भोकात बसते आणि पाते तिच्याभोवती फिरते. दुसरी फिरत्या कडीच्या खाचेत असते आणि तीच पात्याला ढकलते. सगळा जोर या टाचणीच्या मुळाशी येतो. डिंक तिथे टिकत नाही, आणि गळालेली टाचणी इतर पात्यांमध्ये अडकली की आणखी दोन पाती वाकतात. सोल्डरची उष्णता पातळ पाते पिळवटते, शिवाय सोल्डरचा फुगवटा पात्यांना एकमेकांवरून सरकू देत नाही.

रास्त मार्ग एकच: बुरशी लागलेली किंवा काच फुटलेली दुसरी ४४-२ स्वस्तात घ्या आणि तिचे पाते काढून वापरा. या लेन्स मोठ्या संख्येने बनल्या, त्यामुळे सुट्या भागांसाठी लेन्स मिळणे अवघड नाही. ४४-२चीच घ्या. ४४एम किंवा ४४एम-४ची पाती चालतील असे गृहीत धरू नका. नंतरच्या प्रकारांत सहा पात्यांची यंत्रणाही आहे. नवे पाते जुन्यावर ठेवून बाह्यरेषा आणि टाचण्यांमधले अंतर तंतोतंत जुळते का ते बघा.

आता बसवणे. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका. बाजूने उजेड येईल अशा टेबलावर पांढरा सुती कपडा अंथरा, पंखा बंद करा. पाती नॅप्थात बुडवून, टिश्यूवर चपटी ठेवून टिपून, पूर्ण कोरडी करा. बोटांचे ठसे उमटू देऊ नका. एखादे पाते वाकलेले आहे का हे कळण्यासाठी ते काचेवर ठेवा आणि डोळा काचेच्या पातळीवर आणून खालून उजेड दिसतो का ते बघा.

स्थिर कडी सपाट ठेवा, भोके वर. जाड कागदाची नळी गुंडाळून मधोमध उभी करा. ती पात्यांना कडेला रोखून धरते. पहिले पाते भोकात बसवा, पूर्ण उघड्या स्थितीत, म्हणजे कडेला चिकटून. दुसरे त्याच्या शेपटीवर, तिसरे दुसऱ्याच्या शेपटीवर, एकाच दिशेने. सहाव्यापर्यंत सोपे जाते. खरी कसोटी सातव्या-आठव्याला आहे: शेवटच्या पात्याचे एक टोक पहिल्याच्या खाली गेले पाहिजे. पहिले पाते लाकडी दातकोरणीने केसभर उचला, आठवे खालून सरकवा आणि मग त्याची टाचणी भोकात सोडा. इथे धातूचा चिमटा वापरला तर काळा थर खरवडला जातो. आठही पात्यांची चक्राकार गुंफण दिसायला हवी; एखादे सर्वांच्या वर किंवा सर्वांच्या खाली राहिले असेल तर मिटताना अडणारच.

मग खाचांची कडी वरून सोडा. जोर लावू नका. अगदी थोडी डावी-उजवी हलवत राहिलात की टाचण्या एकामागून एक खाचेत उतरतात आणि कडी स्वतःच्या वजनाने खाली बसते. एक टाचणी राहिली तर कडी किंचित तिरकी दिसते, उचलून पुन्हा. बसल्यावर कागदाची नळी काढा, कडी बोटाने फिरवून छिद्र पूर्ण मिटवा आणि उघडा. छिद्र अष्टकोनी हवे. थोडी असमानता चालते, फोटोत कळणार नाही; एका बाजूला ठळक कोपरा बाहेर येत असेल तर त्या पात्याची टाचणी चुकीच्या जागी आहे.

४४-२ला दोन रिंग असतात हे लक्षात ठेवा. एकीने तुम्ही मर्यादा ठरवता, दुसरी पूर्ण उघड्यापासून त्या मर्यादेपर्यंत सैल फिरते, टकटक न करता. हा बिघाड नाही. दोन्ही रिंग फिरूनही पाती ढिम्म राहिली, तर रिंग आणि आतली कडी जोडणारा छोटा स्क्रू परत लावायचा राहिला आहे. लावल्यावर छिद्राचे माप ताडून बघा: ५८ मिमीच्या लेन्समध्ये एफ/१६ला समोरून दिसणारे छिद्र साधारण ३.६ मिमीचे असते, एफ/८ला सव्वासात मिमीच्या आसपास. फार वेगळे दिसले तर भिंतीची चाचणी करा. एफ/४ आणि एफ/११च्या फोटोंत फरक पडला तर अर्थ इतकाच, की कडी जोडताना थोडी सरकली आहे.

प्रश्न : कॅनन ईएफ-एस १७-८५ मिमी एफ/४-५.६ आयएस यूएसएम. ‘एरर ०१’ येते, संपर्कबिंदू पुसा असे कॅमेरा सांगतो. खोडरबराने, अल्कोहोलने, सगळ्याने पुसून झाले. कधी फोटो निघतो, कधी नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : पुसणे थांबवा, खोडरबराने संपर्कबिंदूंवरचा मुलामा जातो. या लेन्समध्ये ९९ टक्के वेळा हेच असते असे म्हणणार नाही, पण पहिला संशय अ‍ॅपर्चरच्या फ्लेक्स पट्टीवरच घ्यायचा असतो. वरच्या उत्तरांतल्या स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या लेन्सपेक्षा हे प्रकरण वेगळे आहे. इथे पाती लेन्समधली छोटी विजेची मोटर हलवते आणि तिला वीज देणारी पातळ फ्लेक्स पट्टी झूम करताना दर वेळी दुमडते. काही वर्षांनी तिच्यातल्या तांब्याच्या रेषेला तडा जातो. तडा काही झूमवर मिटलेला असतो, काहीवर उघडतो, म्हणून ‘कधी निघतो, कधी नाही’.

तपासणी सोपी. एव्ही मोडमध्ये (यात एफचा आकडा आपण ठरवतो) सर्वांत छोटा आकडा निवडा, १७ मिमीला एफ/४. या स्थितीत पाती हलवावीच लागत नाहीत, फोटो निघेल. आता एफ/८ करा आणि डेप्थ ऑफ फील्डचे बटण दाबा; ते फोटो न काढताच पाती मिटवते. तिथेच एरर आली तर निदान झाले. १७, ३५, ५० आणि ८५ला हेच करून बघा. ठरावीक झूमवरच एरर येत असेल तर उरलीसुरली शंकाही जाते. जुन्या कॅमेऱ्यांवर हीच चूक ‘एरर ९९’ म्हणून दिसते.

नुसती पट्टी बाजारात मिळते, पण ती मोटरच्या बारीक टोकांवर सोल्डर करावी लागते आणि तिथे पोचण्यासाठी जवळपास अर्धी लेन्स उतरवावी लागते. काचगट जुळवणीची जागा हलली तर एक बाजू कायमची धूसर होते. म्हणून हे घरी करू नका. कारागिराला विचारा, पट्टी बदलणार की पूर्ण अ‍ॅपर्चर युनिट. युनिट महाग पडते पण टिकते. आणि लेन्स हातात आल्यावर झूम टोकापासून टोकापर्यंत फिरवत एफ/८ला वीस-पंचवीस फोटो काढूनच पैसे द्या. खर्च वापरलेल्या १८-१३५ मिमी लेन्सच्या किमतीच्या जवळ जात असेल तर आमचे मत दुरुस्तीच्या विरोधात आहे. तोवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर ही लेन्स वापरता येते.

प्रश्न : सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ/१.८ घरात नीट चालते, हिवाळ्यात बाहेर उणे दहाला पाती हळू मिटतात. — एक वाचक, टोरांटो

उत्तर : थंडीने तेल घट्ट होते, म्हणजे तेल आहे. ते पात्यांवर आहे की लेन्सच्या मागच्या खुंटीच्या (जी दाबून कॅमेरा पाती मिटवतो) यंत्रणेत, हे शोधा. थंड झालेली लेन्स हातात घेऊन बाजूचा खटका ‘मॅन’वर, म्हणजे मॅन्युअलवर, करा आणि रिंग फिरवा. पाती रिंगबरोबर लगेच हलली पण ‘ऑटो’वर मागची खुंटी दाबल्यावर रेंगाळली, तर पाती ठीक आहेत, मागच्या खुंटी-दांड्याच्या जागी जुने ग्रीस घट्ट झाले आहे. ते मागून, कमी खोलून, साफ होते. दोन्हीकडे रेंगाळली तर नागपूरच्या वाचकांना दिलेले उत्तर लागू. मिररलेसवर वापरत असाल तर खटका कायम ‘मॅन’वर ठेवा. मिटायला अर्धा सेकंद लागला तरी फोटोवर परिणाम नाही, कारण तुम्ही फोटो काढण्याआधीच पाती जागेवर असतात. एवढ्याचसाठी चांगली लेन्स उघडण्याची गरज नाही. फक्त वर्षातून एकदा टॉर्चने आतल्या काचांवर धुके येत नाही ना ते बघत जा.

प्रश्न : पात्यांवर तपकिरी ठिपके आहेत. गंज घासून काढू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाती मोकळी हलत असतील तर ठिपक्यांना हात लावू नका. पॉलिश पेपरने घासले की काळा संरक्षक थर जातो, उघडे पोलाद पहिल्याच पावसाळ्यात आणखी गंजते आणि चकाकणारी कड फोटोत परावर्तन आणते. गंज खरखरीत होऊन पाती अडत असतील तर दुसऱ्या लेन्सची पाती हाच उपाय. कोकणात लेन्स उघडायचीच असेल तर काम पावसाळ्यानंतर ठेवा. द्रावक उडताना धातू गार होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते. साठवण ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये करा, आणि महिन्यातून एकदा रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवा.

प्रश्न : अ‍ॅपर्चर रिंग काढून परत लावल्यापासून तिची टकटक गेली. आकडे कुठेही सरकतात. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : रिंगखाली साधारण दीड मिलिमीटरची पोलादी गोळी आणि तिच्यामागे छोटी स्प्रिंग किंवा पट्टी असते. रिंग निघताक्षणी ती उडाली आहे. ज्या टेबलावर काम केले त्याखाली चुंबक फिरवून बघा. लेन्सच्या आत गेली असेल तर मात्र ती सापडेपर्यंत लेन्स वापरू नका, कारण पात्यांच्या कडीत अडकली तर टाचण्या तुटतात. सापडली की मोहरीएवढ्या ग्रीसने खळग्यात चिकटवा आणि रिंग वरून सरळ उतरवा. हरवलीच असेल तर मूळ खळग्याचा व्यास मोजून तेवढ्या मापाची सुटी बेअरिंगची गोळी घ्या. मोठी बसवली तर रिंग जड होते, छोटी असेल तर टकटक लागत नाही. पुढच्या वेळी रिंग काढताना लेन्स आणि दोन्ही हात पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून काढा.